पखुर्डी ओळखावी ती पाणवठ्यावर

पखुर्डी हा वाळवंटाचा आणि कोरड्या माळाचा पक्षी. आकाराने साधारण पारव्याएवढा, रंगाने मातीसारखा, पाय आखूड आणि पंख लांब व टोकदार. भाट तित्तर असेही त्याला म्हणतात, पण तितराच्या कुळाशी त्याचे नाते नाही. पखुर्डींचे कुळ स्वतंत्र आहे. त्यात १६ जाती आहेत आणि त्या आफ्रिका, दक्षिण युरोप व आशिया या खंडांतल्या रखरखीत प्रदेशांत राहतात. भारतात थरच्या वाळवंटात आणि कच्छमध्ये त्यांच्या सर्वाधिक जाती दिसतात. दोन जाती मात्र वाळवंटाची हद्द ओलांडून दख्खनच्या पठारावर आणि मध्य भारतात कायमच्या स्थिरावल्या आहेत. पहिली साधी, म्हणजे तपकिरी पोटाची पखुर्डी. तिचे शास्त्रीय नाव टेरोक्लिस एक्सस्टस. दुसरी रंगीत पखुर्डी, टेरोक्लिस इंडिकस. महाराष्ट्रात पखुर्डी ओळखायची म्हणजे मुख्यतः या दोघींतला फरक ओळखायचा.

हा फरक एका परिसराच्या आधाराने पाहू. नागपूरच्या उत्तरेला छिंदवाडा रस्त्यावर वसलेली कोराडी महालक्ष्मी जगदंबेच्या मंदिरामुळे आणि औष्णिक वीज केंद्रामुळे सर्वांना माहीत आहे. हा भाग वाळवंट नव्हे. नागपुरात वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जैसलमेरला त्याचा पाचवा हिस्साही जेमतेम पडतो. पण इथला पाऊस चार महिन्यांत उरकतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नाले आटतात आणि मुरमाड जमिनीवरचे गवत करपून जाते. विरळ गवताची उघडी जमीन आणि उडून गाठता येईल एवढ्या अंतरावर पाणी, एवढेच पखुर्डीला लागते. कोराडीचा तलाव, कोलार आणि कन्हान नद्यांची पात्रे, सावनेर आणि कळमेश्वरच्या बाजूची कापूस-तुरीची वावरे, त्यांच्या मधली पडीक जमीन आणि झुडपी जंगलाचे तुकडे असा या परिसराचा साज आहे. दोन्ही जातींच्या वावराचा पट्टा मध्य भारतातून जातो, तरी पूर्वेकडे धानाचा ओला मुलूख सुरू होतो तसा तो विरत जातो. म्हणजे नागपूर जिल्हा या पट्ट्याच्या कडेला आहे आणि पखुर्डी इथे रोज नजरेस पडणारा पक्षी नाही. अशा ठिकाणी ओळख पक्की असणे फार गरजेचे, कारण कडेवरच्या पक्ष्याची चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा जास्त दिशाभूल करते.

ओळखीची सुरुवात रंगापासून करू नये. माळावर बसलेल्या पखुर्डीचा रंग दिसत नाही, कारण तो न दिसण्यासाठीच आहे. आधी पाहावी ती ठेवण आणि चाल. पखुर्डीचे डोके लहान, मान आखूड आणि छाती भरदार असते. पाय इतके आखूड की चालताना पोट जमिनीला टेकल्यासारखे वाटते. लहान लहान पावले टाकत, दाणे टिपत ती सरकते. घोट्यापर्यंतच्या पायावर पुढच्या बाजूने बारीक पिसे असतात आणि मागचे बोट अगदी छोटे व वर चढलेले असते. चोचीच्या मुळाशी नाकपुड्याही पिसांनी झाकलेल्या असतात, त्यामुळे उडती वाळू आत जात नाही. धोका दिसला की ती पळत नाही, जागच्या जागी दबून बसते. माणूस अगदी जवळ आला की एकदम भरारी घेते. आणखी एक खूण पक्की आहे: पखुर्डी झाडावर, कुंपणावर किंवा तारेवर कधीच बसत नाही. कोराडीभोवती विजेच्या तारांचे जाळे आहे आणि त्या तारांवर होले व पारवे रांगेने बसलेले असतात. तारेवर बसलेला पक्षी, मग त्याचा रंग कितीही जुळो, पखुर्डी नसतो.

साध्या पखुर्डीच्या नराचे अंग वाळूच्या रंगाचे, चेहऱ्यावर आणि गळ्यावर पिवळसर छटा. छातीवर आडवी, बारीक काळी रेघ असते. त्या रेघेखाली रंग गडद होत जातो आणि पोट काळसर तपकिरी होते. शेपटीची मधली दोन पिसे निमुळती होत सुईसारखी लांब निघतात. मादीच्या मानेवर आणि छातीवर काळे ठिपके व रेषा असतात, पाठीवर आडवे पट्टे असतात. तिचेही पोट गडद असते, पण पट्टेरी. शेपटीची सुई तिलाही असते, मात्र नराहून आखूड. नर-मादी शेजारी असतील तर गोंधळ होत नाही. एकटी मादी दिसली तर छातीच्या ठिपक्यांखालचा फिकट, बिनठिपक्यांचा पट्टा आणि त्याखालचे गडद पोट या दोन गोष्टी पाहाव्यात.

रंगीत पखुर्डीचा नर हा भारतातल्या सुंदर पक्ष्यांपैकी एक आहे आणि त्याचे सौंदर्य फार कमी लोकांनी पाहिले आहे. कपाळावर काळे-पांढरे पट्टे, चोच नारिंगी, डोळ्याभोवती पिवळी कातडी. छातीवर एकाखाली एक तीन पट्टे येतात: तांबूस, फिकट पिवळसर आणि काळा. त्याखाली पोटावर काळ्या-पांढऱ्या बारीक रेषांची दाट विण. मादी अंगभर पट्टेरी असते आणि तिला कपाळावरचे व छातीवरचे पट्टे नसतात. नर-मादी दोघांचीही शेपटी गोलसर असते, सुई नसते. दूरवरून, अपुऱ्या उजेडात दोन जातींमध्ये निवाडा करायचा असेल तर शेपटीवर नजर ठेवावी.

जागाही निवाड्याला मदत करते. साधी पखुर्डी सपाट, मोकळ्या माळावर, नांगरून सोडलेल्या किंवा पीक काढलेल्या वावरात थव्याने राहते. पुणे जिल्ह्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य, सोलापूरचे नान्नज, कर्जतजवळचे रेहेकुरी ही तिची महाराष्ट्रातली नेहमीची ठिकाणे. रंगीत पखुर्डीला खडकाळ उतार, दगडगोटे आणि खुरटी झुडपे लागतात. ती जोडीने किंवा चार-सहाच्या लहान गटात असते. भारतीय उपखंडाबाहेर ती कुठेच आढळत नाही. विदर्भातल्या झुडपी जंगलाच्या टेकाडांवर पखुर्डी दिसली तर आधी रंगीत पखुर्डीचा विचार करावा.

उडताना पखुर्डी पूर्ण वेगळी वाटते. जमिनीवर बेढब दिसणारा हा पक्षी हवेत वेगवान आणि सरळ रेषेत जाणारा होतो. पंखांची फडफड जलद असते आणि थवा उंचावरून एकजीवाने जातो. साध्या पखुर्डीच्या पंखांची खालची बाजू काळपट असते आणि पोटही काळपट, म्हणून खालून पाहणाऱ्याला गडद पक्षी दिसतो. रंगीत पखुर्डीच्या पंखांखाली करडा रंग असतो. उडता उडता साधी पखुर्डी घशातून ‘कुट्-रो, कुट्-रो’ असा दुहेरी आवाज सतत काढते. सवय झालेल्या कानाला तो आवाज थवा दिसण्याआधीच कळतो. रंगीत पखुर्डी त्या मानाने अबोल. दचकून उडाली तर ‘चिर्रिक’ असे काही ओरडते.

एवढ्या खुणा पुरेशा वाटल्या तरी पखुर्डीची खरी ओळख तिच्या वेळापत्रकात आहे. तिचा आहार जवळजवळ पूर्णपणे कोरड्या बियांचा. गवताच्या आणि शेंगावर्गीय रानवनस्पतींच्या बारीक बिया ती दिवसभर टिपते. किडे खाणाऱ्या पक्ष्याला भक्ष्यातून पाणी मिळते, बियांतून ते मिळत नाही. म्हणून तिला पाण्यावर यावेच लागते. साधी पखुर्डी सूर्य वर आल्यावर तास-दोन तासांनी येते. वेगवेगळ्या दिशांनी लहान थवे जमतात, पाण्यापासून थोड्या अंतरावर उतरतात, ससाणा किंवा कोल्हा नाही ना याची खात्री करतात, घाईने काठाशी जातात, काही घोट घेतात आणि उडून जातात. सगळे काही मिनिटांत संपते. कडक उन्हाळ्यात दुपार कलल्यावरही एक फेरी होते. रंगीत पखुर्डी नेमकी उलट. ती झुंजुमुंजू होण्याआधी किंवा सूर्य मावळून अंधार पडता पडता येते, जेव्हा तिचे पट्टे दिसतच नाहीत. त्यामुळे सकाळी नऊच्या सुमारास पाण्यावर आलेला थवा साध्या पखुर्डीचा आणि दिवेलागणीनंतर आलेली जोडी रंगीत पखुर्डीची, हा निवाडा घड्याळ पाहून करता येतो. दुर्बीण नसली तरी चालते.

पाणी पिण्याच्या रीतीवरही लक्ष द्यावे. होले आणि पारवे चोच पाण्यात बुडवून एका दमात ओढून पितात. पखुर्डीही तशीच पिते असे पुस्तकांत फार काळ छापले जात होते, आणि पखुर्डी ही कबुतरांचीच नातेवाईक याचा तो एक पुरावा मानला जात होता. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या नामिब आणि कलहारी वाळवंटांतल्या निरीक्षणांनी तो पुरावा मोडीत काढला. पखुर्डी चोचीत घोट भरते, डोके वर उचलून तो गिळते आणि पुन्हा वाकते. तलावाच्या काठी होले आणि पखुर्ड्या एकत्र उतरल्या असतील तर या एका लकबीने त्या वेगळ्या काढता येतात.

आता पिसांविषयी. पखुर्डीच्या पोटावरची पिसे पक्षिजगतात एकमेवाद्वितीय आहेत, कारण ती पाणी वाहून नेतात. ई. जी. बी. मीड-वाल्डो या इंग्रज पक्षिपालकाने आपल्याकडच्या पिंजऱ्यात वाळवंटी पखुर्ड्या वाढवल्या. पिले निघाल्यावर नर जमिनीवर पोट घासतो, पाण्यात बसून पोटाची पिसे भिजवतो आणि पिलांपाशी उभा राहतो. पिले ती ओली पिसे चोचीतून ओढून पाणी पितात, असे त्याने पाहिले आणि १८९६ साली प्रसिद्ध केले. बहुतेक जाणकारांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे काहीतरी विचित्र वागणे, असे म्हणून ते बाजूला सारले गेले. टॉम केड आणि गॉर्डन मॅक्लीन यांनी कलहारीत नामाक्वा पखुर्डीवर काम करून १९६७ साली हे सर्व खरे असल्याचे दाखवले. एका अचूक निरीक्षणाला मान्यता मिळायला सत्तर वर्षे लागली, याचे वाईट वाटते.

या पिसांची करामत त्यांच्या सूक्ष्म रचनेत आहे. सामान्य पिसाच्या मधल्या दांड्यापासून दोन्ही बाजूंना केसर फुटतात आणि प्रत्येक केसराला त्याहून बारीक उपकेसर असतात. इतर पक्ष्यांत उपकेसरांना आकड्या असतात. त्या एकमेकींत अडकून पिसाचा सलग पडदा तयार होतो आणि त्यावरून पाणी ओघळून जाते. पखुर्डीच्या पोटावरच्या पिसात दांड्याजवळच्या भागातले उपकेसर आकडीने अडकत नाहीत. कोरडे असताना ते मळसूत्रासारखे पिळलेले आणि सपाट पडलेले असतात. पाणी लागताच पीळ सुटतो, ते उभे राहतात आणि ब्रशच्या केसांसारखी दाट लव तयार होते. त्या लवेच्या फटींत केशाकर्षणाने पाणी धरून ठेवले जाते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था यांच्या संशोधकांनी २०२३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि सूक्ष्म सीटी स्कॅन वापरून ही रचना पुन्हा तपासली. आतल्या भागातले केसर लवचीक असतात आणि पाणी शोषताना वाकतात, तर बाहेरच्या कडेचे उपकेसर आत वळून साठलेल्या पाण्याला आच्छादन देतात, असे त्यांना आढळले. नामाक्वा पखुर्डीचा नर या पिसांत सुमारे २५ मिलिलिटर, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या साधारण १५ टक्के पाणी भरून घेतो आणि ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने घरट्याकडे उडतो.

भिजण्याआधी वाळूत पोट घासण्याचेही कारण आहे. पक्षी पिसांना शेपटीजवळच्या ग्रंथीतले तेल चोपडतात. ते तेल झटकले गेल्याशिवाय पाणी नीट शोषले जात नाही. पाण्यात उभा राहून अंग वर-खाली हलवणारा, पिसे फुलवून काही मिनिटे तसाच बसणारा नर दिसला तर आसपासच्या माळावर पिले असावीत असे समजावे. मादीच्या पिसांतही ही रचना असते, पण कमी प्रमाणात. पाणी वाहण्याचे काम मुख्यतः नराचेच.

माळावर गळलेले पीस सापडले तर त्यावरूनही बरेच कळते. साध्या पखुर्डीच्या शेपटीचे मधले पीस चुकण्यासारखे नाही: बुडाशी नेहमीएवढे रुंद आणि पुढे तारेसारखे बारीक होत गेलेले. शेपटीची बाकीची पिसे पट्टेरी असून त्यांची टोके फिकट असतात. रंगीत पखुर्डीच्या नराचे पोटाचे पीस काळ्या-पांढऱ्या आडव्या रेषांवरून लगेच ओळखता येते. पोटाचे पीस कोणत्या पक्ष्याचे असा प्रश्न पडला तर आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब सोडून पाहावा. पारव्याच्या पिसावर थेंब गोल राहतो आणि घरंगळतो, पखुर्डीच्या पिसात तो शिरतो आणि दांड्याजवळची लव उभी राहते. पाहणी झाल्यावर फोटो काढून पीस तिथेच ठेवणे उत्तम. संरक्षित वन्यपक्ष्यांचे अवशेष बाळगण्यावर वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधने आहेत.

नागपूरच्या माळावर पखुर्डी समजून फसवणारे पक्षी मोजकेच आहेत. तितर सर्वांत जास्त फसवतो. पण त्याचे पंख गोल असतात. तो फर्रकन उठतो, थोडे अंतर तरंगत जातो आणि लगेच झुडपात उतरून पळत सुटतो. पखुर्डी उठली की लांब निघून जाते. धाविक हा पक्षी रंगाने जवळचा, पण त्याचे पाय लांब आणि चाल धावत-थांबत जाण्याची. हिवाळ्यात येणाऱ्या सोन चिखल्यांचा थवा टोकदार पंखांमुळे लांबून पखुर्डीसारखा भासतो. जमिनीवर उतरला की उंच पाय आणि उभी ठेवण दिसून शंका मिटते. होल्याची मान लांब, शेपटी रुंद आणि बसण्याची जागा बहुधा झाड.

घरटे म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, कधी गुराच्या खुराने पडलेला. अस्तर नसतेच म्हटले तरी चालेल. अंडी सहसा तीन, दोन्ही टोकांना सारखीच बोथट, फिकट रंगावर तपकिरी व जांभळट डाग असलेली. साध्या पखुर्डीची वीण वर्षभरात केव्हाही होऊ शकते, तरी जानेवारी ते मे हा मुख्य काळ. दिवसा मातकट, ठिपकेदार मादी अंड्यांवर बसते आणि रात्री नर बसतो. भर उन्हात अंडी उबवण्यापेक्षा त्यांना सावली देण्याचेच काम जास्त असते. अंड्यातून निघालेली पिले त्याच दिवशी चालू लागतात आणि स्वतःच दाणे टिपतात. आईबाप त्यांना भरवत नाहीत. पाणी मात्र पिलांना स्वतः गाठता येत नाही. ती उडू लागेपर्यंत बापाच्या ओल्या पिसांवरच त्यांचा जीव अवलंबून असतो.

राजस्थान आणि कच्छकडे जाणाऱ्यांना आणखी काही जाती भेटतात. काळ्या पोटाची मोठी पखुर्डी हिवाळ्यात मध्य आशियातून येते. संस्थानी काळात बिकानेरजवळच्या गजनेर तलावावर तिच्या शिकारीचे मोठे सोहळे होत आणि व्हाइसरॉय व राजेरजवाडे त्यासाठी निमंत्रित असत. ठिपकेदार पखुर्डी थरच्या उजाड भागात थव्याने येते. भारतातून नेलेली साधी पखुर्डी १९६०च्या दशकात अमेरिकेत शिकारीसाठी सोडण्यात आली. मुख्य भूमीवर ती टिकली नाही, पण हवाई बेटावर तिची वस्ती आजही आहे. इजिप्तमध्ये नाहीशी झाली असे समजली गेलेली हीच जात तिथे २०१२ साली पुन्हा सापडली.

विदर्भात पखुर्डीचे भवितव्य पडीक जमिनीच्या भवितव्याशी बांधलेले आहे. माळ म्हणजे रिकामी जागा, असे समजून तिथे झाडे लावली जातात, मुरूम काढला जातो, भूखंड पाडले जातात. दाट वृक्षलागवड झालेला माळ पखुर्डीसाठी संपतो. हिरवा दिसला तरी संपतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांमधील झुडपी जंगलाच्या जमिनी या वनजमिनीच आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. त्यामुळे या जमिनींना कायद्याचा आधार मिळाला आहे. तो आधार झुडपी आणि गवताळ रूप कायम ठेवून वापरला गेला तरच रंगीत पखुर्डीसारख्या पक्ष्याला त्याचा उपयोग होईल.

कोराडी, खापरखेडा किंवा सावनेरच्या बाजूला पखुर्डी शोधायची तर जानेवारी ते मे या काळात आटत चाललेला एखादा पाणवठा निवडावा. काठापासून दूर, झुडपाच्या आडोशाने बसावे. सकाळी आठ ते दहा आणि सायंकाळी सूर्यास्तानंतरचा अर्धा तास एवढा वेळ द्यावा. पाण्याच्या अगदी जवळ माणूस बसला तर थवा घिरट्या घालून तहानलेलाच परत जातो आणि पिलांसाठी पाणी न्यायला आलेला नरही रिकाम्या पिसांनी परततो, म्हणून फोटोच्या मोहाने पुढे सरकू नये. पखुर्डी दिसल्यास तारीख, पाण्यावर येण्याची वेळ, थव्याची संख्या, शेपटीला सुई होती की नाही आणि जमीन सपाट होती की खडकाळ, एवढ्या पाच गोष्टी लिहून ती नोंद ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा स्थानिक पक्षिमित्रांकडे अवश्य द्यावी.